तांब्या नको, टाळ द्या

हसनाबादेत उषाबाईंच्या घराला लोक त्यांच्या माघारी ‘साबणवाल्याचं घर’ म्हणतात. ओट्याच्या पायरीपाशी पाण्याची बादली, एक मग आणि खांबाला दोरीनं टांगलेला साबण. दोरी अशासाठी, की आधीचे साबण कावळ्यांनी पळवले. दूधवाला येवो, भाऊबंद येवो, नाहीतर निवडणुकीत हात जोडत कुणी येवो, उषाबाई ओट्यावरूनच पहिला सवाल टाकतात, "खोकलाबिकला हाय का?" नाही म्हटलं की दुसरा हुकूम, "मंग हात धू आन् तिकडं बस." एकदा असाच एक पांढऱ्या कपड्यातला माणूस चिडला. म्हणाला, "मावशी, आम्ही काय चोर आहोत का?" उषाबाई म्हणाल्या, "चोर असता तर बरं होतं बापा. चोर खोकत न्हाई येत."

हा सगळा पहारा साधनासाठी. साधना त्यांची सून. तिच्या पोटात उजव्या अंगाला खाली उषाबाईंची एक किडनी आहे. "आपला माल तिच्यात ठेवलाय," उषाबाई म्हणतात, "तर राखण आपल्यालाच करावी लागणार ना. दुसरं कोण करंल?"

साधना लग्न होऊन भोकरदनकडून ह्या घरात आली तेव्हा तिच्यासोबत भांडीकुंडी बेताची आणि आवाज मात्र भरपूर आला होता. तो आवाज गोड म्हणावा असा नव्हता, मोठा होता. भोंगा बंद पडला तरी पाण्याच्या टाकीपर्यंत शब्द न् शब्द ऐकू जाई. गावातल्या बायकांच्या भजनी मंडळाच्या म्होरक्या प्रयागबाई. त्यांनी तिला पहिल्याच वर्षी हेरलं. टाळ कसा धरायचा, श्वास कुठं चोरायचा, गौळण कुठं उचलायची, सगळं त्यांनी शिकवलं. दत्तजयंतीच्या सप्ताहात संध्याकाळची गौळण साधनाची, हे मग गावात ठरूनच गेलं. ती सासूला आत्या म्हणायची आणि प्रयागबाईंना काकू. दोघींच्या मधे तिचं बरं चाललं होतं.

दुसऱ्या बाळंतपणात तिचं ब्लडप्रेशर वाढलं आणि उतरायचं विसरलं. पाय सुजायचे, तोंड सुजायचं. बायका म्हणायच्या, अंगानं भरली. एका सप्ताहात गौळण म्हणता म्हणता तिला धाप लागली आणि ती मांडवातच आडवी झाली. तपासलं तर दोन्ही किडन्या कामातून गेलेल्या. मग जालन्याला डायलिसिस सुरू झालं. नवरा हरिओम जालन्याच्या एमआयडीसीत बियाण्याच्या प्लँटवर कामाला. तो पहाटे तिला मोटरसायकलवर मागं बसवून न्यायचा, दवाखान्यात सोडून ड्यूटी करायचा आणि परत आणायचा. घरी आली की साधना भाकरी करायला उठायची. अर्धी परात झाली की चुलीपुढंच भिंतीला टेकून बसायची.

हरिओमची किडनी जुळेना. साधनाच्या आईला साखर. नात्यातल्या एकानं हळूच हरिओमजवळ दुसरी बायको करायचा विषय काढून पाहिला. ते उषाबाईंच्या कानावर गेलं. त्या दिवशी त्यांनी देवापुढं दिवा लावला, हात जोडले आणि बाहेर येऊन सांगितलं, "माझी काढा."

गावाला हे पचेना. लेकीसाठी कुणी दिली असती तर पायावर डोकं ठेवलं असतं. पण सुनेला?

"उद्या पोराला लागली तर काय करसाल?" भावकीतल्या एका बाईनं विचारलं.

"तवाचं तवा पाहू," उषाबाई म्हणाल्या. "आत्ता जिला लागली तिला देऊन राह्यले."

कायदा सासूला जवळचं नातं धरत नाही. त्यामुळं परवानगी देणाऱ्या कमिटीपुढं उभं राहावं लागलं. तिथल्या साहेबांनी हरिओमला आणि साधनाला बाहेर काढलं आणि समजावून विचारलं, "आजी, घाबरू नका. तुमच्यावर कुणाचा दबाव आहे का?"

"हाय की," उषाबाई म्हणाल्या.

साहेबांनी पेन उचलला. "कुणाचा?"

"ह्या सुनेचाच. दवाखान्यातून आली की भाकरी करायला उठती आन् भाकरी करता करता खाली बसती. मला ते बघवत न्हाई. त्याचा दबाव हाय."

"बदल्यात काही देणारेत का तुम्हाला?"

"आगाऊच दिलंय. इतकी वरसं भाकरी दिली न्हाई का?"

साहेब हसले. मग आणखी बरंच विचारलं, कागद तपासले, आणि शेवटी परवानगी दिली. संभाजीनगरच्या दवाखान्यात ऑपरेशन झालं. शुद्धीवर आल्यावर उषाबाईंचा पहिला प्रश्न होता, "चालू झाली का?" जणू विहिरीवर मोटार बसवली होती.

किडनी चालू झाली. आता ती चालू ठेवायची होती. डॉक्टरांनी समजावताना शरीरातल्या सैनिकांचं उदाहरण दिलं. उषाबाईंनी सैनिक काही जवळून पाहिले नव्हते. त्यांनी घरी येऊन तेच आपल्या भाषेत लावलं. शेतातल्या आखाड्यावर राखणीला कुत्रे असतात. परका माणूस दिसला की अंगावर जातात. आता सासूची किडनी सुनेच्या अंगात परकीच. कुत्रे तिला फाडून खातील. म्हणून गोळ्या द्यायच्या, कुत्र्यांना गुंगीत ठेवायचं. सकाळी आठ, संध्याकाळी आठ. वेळ हलवायची नाही, उपास असो की लग्न असो. पण कुत्रे गुंगीत, तर खरा चोर आला तरी ते उठणार नाहीत. म्हणून वेशीवर आपण बसायचं.

असं त्या वेशीवर बसल्या. दही घरचं, तेही तापवलेल्या दुधाचं. पाणी उकळून गार केलेलं. शेणानं सारवायचं काम उषाबाईंचं, साधनानं त्यात हात घालायचा नाही. कापून ठेवलेली फळं नाहीत, बाहेरचं पंचामृत नाही. देवळात तीर्थ मिळालं तर साधना ओंजळ कपाळाला लावायची आणि तुळशीत सोडायची. "देवाला कळतं," ती म्हणायची. "पुजाऱ्याला न कळू दे."

वरीस उलटलं तसा करोना आला. सगळं जग तोंड झाकून, हात धुवत बसलं तेव्हा उषाबाई कुणाला तरी म्हणाल्या, "आता समद्यांचंच घर साबणवाल्याचं झालं." हरिओम प्लँटवरून आला की मागच्या दारी अंघोळ करून, कपडे भिजवून मगच आत यायचा. लस आली तेव्हा गावातली माणसं उपकेंद्राच्या वाटेनं जायला तयार नव्हती. उषाबाई पहिल्या रांगेत गेल्या. मग गल्लीत दारोदार फिरल्या. "तुमच्यासाठी न्हाई म्हणत मी. माझ्या किडनीसाठी टोचून घ्या."

साधनानंही दोन्ही डोस घेतले आणि तिला वाटलं, सुटले. पुढच्या तपासणीला तिनं डॉक्टरांना विचारलंच, आता भजनाला जाऊ का? डॉक्टरांनी मान हलवली. म्हणाले, "लस घ्या, आम्ही सांगू तेव्हा पुन्हा घ्या. तिचा फायदा आहे, आजार आलाच तर तो जड जाऊ नये म्हणून. पण तुमच्या गोळ्यांमुळं ती तुमच्या अंगात इतरांसारखी मुरत नाही. लस घेतली म्हणजे मास्क सुटला, हे तुमच्यासाठी नाही. घरातल्या सगळ्यांच्या लशी, मास्क आणि हात, हे सगळं मिळून तुमचं कवच."

उषाबाईंनी घरी येताना गाडीत हिशोब लावला. "बराबर हाय. कुत्र्याला चोराचा वास द्यायला गेलं तर कुत्रं झोपेत. म्हणून परत परत द्यायचा. आन् तरी दार उघडं टाकायचं न्हाई."

साधनानं नंतर बूस्टर घेतला, डॉक्टरांनी सांगितल्यावर त्यापुढचाही घेतला. गावाचे मास्क केव्हाच खुंटीवर गेले, मग चुलीत गेले. हिचा तोंडावरच राहिला. बाजारात पोरं खाकरून दाखवायची. बायका म्हणायच्या, अजून हाय का तुमचा करोना? सप्ताह आला की ती ओट्यावर बसून भोंग्यातून येणारी दुसऱ्या कुणाची गौळण ऐकायची. गाणारीनं चुकीच्या जागी श्वास तोडला की साधनाच्या बोटांनी मांडीवर बरोबर ताल धरलेला असायचा. उषाबाई ते बघायच्या.

अशी काही वर्षं गेली. दोन हजार तेवीसच्या दत्तजयंतीआधी साधनानं जेवताना जाहीर केलं, "यंदा मी गौळण म्हणणार."

हरिओमचा घास हातात राहिला. "टीव्हीवर परत सांगून राह्यले, नवीन करोना आलाय. यंदा राहू दे."

"दर वरसाला यंदाच येतं तुमचं."

"अगं, पण जपावं लागंल ना किडनीला."

साधनानं ताट बाजूला सरकवलं. "मी एक विचारते. जगायला किडनी घेतली, का किडनी जपायला जगून राह्यले?"

हरिओमनं आईकडं बघितलं. माल तिचा होता. उषाबाईंनी भाकरी मोडली. "डॉक्टरला फोन लाव," त्या म्हणाल्या. "तो हो म्हणला तर जाईल. न्हाई म्हणला तर मीच आडवी पडंन दारात."

डॉक्टर हो म्हणाले, पण अटी घालून. जागा खुली हवी, बंद मांडवात नाही. गर्दीच्या कडेला, अंतर राखून, मास्क लावून. सगळ्यांच्या तोंडासमोरचा माईक नाही. तिथलं काही खायचं-प्यायचं नाही. गोळी वेळेवर. आणि नंतर ताप, खोकला काही वाटलं तर अंगावर काढायचं नाही, लगेच कळवायचं.

प्रयागबाईंना निरोप गेला. त्या आल्या, बादलीपाशी थांबल्या, साबणाकडं बघून म्हणाल्या, "उषे, तुझ्या दारात आलं की मला कामाला लागल्यासारखं वाटतं." पण हात धुतले. साधना पुन्हा गाणार हे ऐकून त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते दिसू नये म्हणून त्या लगेच ओरडल्या, "मास्क लावून? गौळण का डाकूचं गाणं?"

"डाकूचं म्हणा. पण मी म्हणणार, काकू."

सप्ताहाचा कारभार तातेरावांकडं. थंडीचे दिवस, मांडवाला तिन्ही बाजूंनी जाड कनात. तातेराव म्हणाले, एका बाईसाठी कनात काढायची तर कीर्तनाला आलेली म्हातारी माणसं गारठतील. तेही खरंच होतं. शेवटी तोडगा असा निघाला, की कनात जिथं संपते तिथं, निंबाच्या बुडाशी, साधना बसेल. बाकीचं मंडळ आत, ती कडेला. तातेराव कबूल झाले, पण मनातून नाही. "देवापुढं तोंड झाकून कुणी गातं का?" असं ते दोन-तीन जणांजवळ बोललेच.

पहिल्या संध्याकाळी साधना टाळ घेऊन निंबाखाली बसली. आता इथं मंडळाची एक रीत सांगायला हवी. गाण्याआधी प्रयागबाईंच्या घरून काढ्याचा तांब्या येतो. तांब्या एकच. तो हातोहात फिरतो, प्रत्येक बाई एक घोट घेते आणि पुढं देते. वरून प्यायचं असं म्हणतात, पण घाईत कुणाचे ओठ लागतात, कुणाचे नाही, ते कुणी पाहत नाही. तो घोट घेतला की तुम्ही मंडळाच्या. पूर्वी त्यात आलं-तुळस-गूळ एवढंच असे. करोनाच्या दुसऱ्या लाटेत प्रयागबाईंचा धाकटा भाऊ गेला. बाकीचं घर गुळवेलीच्या काढ्यानं तरलं, अशी त्यांची पक्की समजूत झाली. तेव्हापासून त्या स्वतः निंबावर चढलेली गुळवेल कापून आणतात, ठेचतात, उकळतात. त्या वेलीवर त्यांचा देवाच्या खालोखाल भरवसा.

तांब्या साधनापाशी आला. तिनं हात जोडले आणि तो पुढं जाऊ दिला. मंडळातला टाळ एकदम थांबला.

"घे की," कनातीच्या टोकाला बसलेली एक म्हणाली. "काढा हाय, दारू न्हाई."

"तांब्या नको मला. टाळ चालू द्या," साधना म्हणाली आणि तिनंच ताल धरला. गौळण झाली. मास्कमधून शब्द थोडे दबले, पण आवाज तोच होता. पाण्याच्या टाकीवरच्या वॉचमननं दुसऱ्या दिवशी सांगितलं, आला बाई आवाज. तरी घरी जाताना मागून कुजबुज झालीच. तोऱ्यात आली, म्हणे. सगळ्यांच्या उष्ट्याची किळस येती, म्हणे.

हे प्रयागबाईंना लागलं. तिसऱ्या संध्याकाळी त्या स्वतः निंबाखाली आल्या. हातात स्टीलचं फुलपात्र, वर झाकण. चकचकीत घासलेलं.

"तुला तांब्या नको ना? बराबर हाय तुझं," त्या म्हणाल्या. "हे तुझं येगळं. आधनाच्या पाण्यानं भांडं धुतलंय, पाणी चांगलं उकळलंय, साबणानं हात धुतलेत. तुझ्या सासूला विचार, तिच्याच दारातल्यावानी धुतलेत. आता तरी मंडळाचा घोट घे माय."

सगळं मंडळ बघत होतं. साधनाला भरून आलं. म्हातारीनं तिच्यासाठी वेगळं भांडं घासलं होतं, पाणी उकळलं होतं. बाहेरचं काही प्यायचं नाही, हे तिला पाठ होतं. पण हे बाहेरचं कुठं होतं? ज्या हातांनी टाळ धरायला शिकवलं त्याच हातांचं होतं. तिनं मान वळवली, मास्क खाली केला आणि घोट तोंडात घेतला.

कडू. आल्याच्या आणि गुळाच्या आड लपलेलं, जिभेच्या मागं जाऊन बसणारं कडू.

तिनं तो गिळला नाही. वळून निंबाच्या मुळाशी थुंकला. बाटलीतल्या पाण्यानं चूळ भरली, परत थुंकली, परत चूळ भरली.

मांडवात कल्ला झाला. तातेराव उठून आले. "देवाच्या दारात थुंकली! मंडळाचा घोट थुंकली! हे काय चालवलंय?"

प्रयागबाई फुलपात्र धरून तशाच उभ्या होत्या. त्यांचा आवाज बारीक झाला होता. "मी तुला इख दिलं का गं? मी?"

"काकू, ह्याच्यात गुळवेल हाय ना?"

"हाय! जरा जास्तीच टाकली, तुझ्यासाठी. तुझ्या अंगात ताकद न्हाई म्हणतेत ना, ताकद यावी म्हणून!"

साधनानं मास्क वर केला. ती उठून उभी राहिली. "तीच ताकद मला नको हाय काकू. तुमच्या अंगातले कुत्रे गुळवेलीनं जागे होतेत, चोराला धरतेत, ते चांगलंच हाय. माझ्या अंगात आत्याची किडनी पाव्हणी हाय. माझे कुत्रे जागे झाले तर आधी तिलाच खातील. म्हणून गोळ्या खाऊन मी त्यांना झोपवते. दवाखान्यात पह्यल्याच दिवशी सांगितलंय, काढा, चूर्ण, गुळवेल, ताकदीचं म्हणून कुणी काही दिलं तर बिलकुल घ्यायचं न्हाई. तुम्ही मायेनं दिलं. माया मला कळती. पण माझ्या पाव्हणीला न्हाई कळत."

कुणीतरी आतून म्हणालं, "मंग लस कशाला घेती? ती बी ताकदीचीच ना?"

उत्तर उषाबाईंनी दिलं. त्या केव्हा येऊन उभ्या राहिल्या होत्या कुणाला कळलं नाही. "लस म्हणजे कुत्र्याला एका चोराचा वास देणं. डॉक्टर इचार करून, मोजून देतो. आन् काढा म्हणजे समद्या कुत्र्यांच्या शेपटीला फटाके लावणं. एवढा फरक कळत नसंल तर गप बसा."

चार जणी हसल्या. तातेराव हसले नाहीत. भरल्या मांडवात एका बाईनं त्यांचं ऐकलं नाही, हे त्यांना जड जात होतं. "हे बघा, दवाखान्याच्या गोष्टी दवाखान्यात. इथं मंडळाची रीत हाय. तोंडावरचं काढून, सगळ्यांसारखा प्रसाद घेऊन गायचं असंल तर गा. न्हाईतर घरी बसून ऐका. आजवर ऐकतच होत्या ना?"

साधनाच्या डोळ्यांपुढून तो ओटा गेला. भोंग्यातून येणारी दुसऱ्याची गौळण आणि मांडीवर वाजणारी बोटं. तिला वाटलं, आत्ता उठून गेलं तर परत कधीच इथं बसता येणार नाही. आणि मास्क काढला तर आत्यानं पोट चिरून दिलेलं एका संध्याकाळच्या मानासाठी डावाला लावल्यासारखं होईल. दोन्ही तिला मान्य नव्हतं.

"तातेराव मामा," ती म्हणाली, "मी मास्क काढणार न्हाई. प्रसाद कपाळाला लावंन, तोंडात घालणार न्हाई. आन् घरी बी जाणार न्हाई. देव काय तांब्यात बसलाय का, की घोट घेतल्याबिगर भेटत न्हाई? त्यानं मला दुसऱ्यांदा श्वास दिला तो गायलाच दिला असंल."

"असं? मंग गा बिनमाईकची. बंद कर रे माईक!"

भोंग्यातून कट्ट करून आवाज आला आणि तो बंद झाला. आणि तिथंच तातेराव चुकले. माईक साधना पहिल्यापासूनच वापरत नव्हती. तिचा आवाज काय होता हे ती घरी बसली तेवढ्या वर्षांत ते विसरून गेले होते.

ती परत निंबाच्या बुडाशी बसली. टाळ उचलला. गौळणीची पहिली ओळ तिनं उचलली ती खालून नाही, थेट वरच्या पट्टीत. भोंगा बंद, त्यामुळं गावात दुसरा आवाजच नव्हता. मास्क पुढं-मागं हलत होता. शब्द कापडातून गाळून येत होते, पण येत होते. मृदंगावर धर्मराज होते. त्यांनी एकदा तातेरावांकडं बघितलं, एकदा साधनाकडं बघितलं, आणि थाप टाकली. पालुपद आलं तेव्हा मागून एक टाळ वाजला, मग दोन वाजले. कनातीच्या आतल्या बायका कडेला सरकायला लागल्या तशा उषाबाई हात आडवा करून म्हणाल्या, "सरकू नका. तिथूनच म्हणा, चांगलं ऐकू येतंय."

प्रयागबाई तेवढ्या म्हणत नव्हत्या. फुलपात्र पदराखाली घेऊन तोंड फिरवून बसल्या होत्या.

गौळण रंगात आली. शेवटून दुसरं कडवं सुरू झालं आणि साधनाच्या पदराखालचा मोबाईल खणखणला. आठ. रोजच्या गोळीचा गजर. दोन दिवस गौळण आठाच्या आत संपली होती, आज भांडणात उशीर झाला होता.

ओळ अर्ध्यावर होती. गौळण मधे तुटली तर मंडळात त्याला अवलक्षण मानतात. तातेरावांनी मान वर केली. आता ती काय करते, हे बघायला सगळा मांडव वळला.

साधनानं टाळ खाली ठेवला. हात वर केला, थांबा असं धर्मराजांना दाखवलं. सगळ्यांच्या देखत पर्समधून गोळ्यांची पुडी काढली, बाटली उघडली, निंबाकडं तोंड केलं.

मृदंगाचा ठेका एकटाच चालत राहिला. एक आवर्तन गेलं.

आणि मग तिची राहिलेली अर्धी ओळ कुणीतरी उचलली. घोगरा, थकलेला, पण जागेवर पक्का आवाज. प्रयागबाई. तोंड अजून तिकडंच होतं, डोळे मिटलेले होते. ओळ त्यांनी पुरी केली, परत म्हटली, परत फिरवली. साधनानं गोळी गिळली, पाणी प्यायलं, मास्क नीट केला, टाळ उचलला आणि पुढची ओळ त्यांच्या हातातून घेतली. गौळण कुठंही तुटली नाही.

संपल्यावर बायका उठल्या. तातेराव कीर्तनकार महाराजांच्या चहाचं बघायला निघून गेले. कुणीतरी माईक परत चालू केला. प्रयागबाई निंबापाशी आल्या, पण बऱ्याच लांब, दोन हात सोडून उभ्या राहिल्या. अंतर त्यांनी स्वतःहून राखलं होतं.

"उद्याच्याला गोळी आधी घे," त्या रागानंच म्हणाल्या. "गौळण मधे सोडायची नसती. तुला हेच शिकवलं का मी?"

"गोळीची वेळ हालत न्हाई काकू," साधना म्हणाली. "गौळण हालवा."

प्रयागबाईंनी तिच्याकडं बघितलं. मग उषाबाईंकडं बघितलं. एवढ्या वर्षांत सप्ताहाचा कार्यक्रम कुणासाठी पुढं-मागं झाला नव्हता. आमदारासाठीही नाही.

"धर्मराज," त्या मांडवाकडं तोंड करून ओरडल्या, "उद्यापासून गौळण आरतीच्या आधी. आठाच्या आत संपली पाह्यजे. तातेरावला मी सांगते."

मग त्यांनी पदराखालचं फुलपात्र काढलं. उरलेला काढा त्यांनी उभ्या उभ्या घटाघट पिऊन टाकला. तोंड पुसलं.

"कुत्र्यांचं म्हणशील तर," त्या म्हणाल्या, "माझे लई म्हातारे झालेत. त्यांना उठवावंच लागतं."